गावपळण आणि मधली कोंड

९ नोव्हेंबर, रविवार

आज आमच्या ओढ्याकाठच्या उद्यानात एकशे बारा माणसं. गेल्या दिवाळीत फाटक उघडलं तेव्हापासूनचा उच्चांक. एसटीत छत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून गाड्या सोडल्या, पण गाडीत बसलेला माणूस निदान बसून तरी राहतो. इथे आलेला माणूस ओढा दिसला की चपलांबरोबर अक्कलही काठावर काढून ठेवतो. एक महाभाग वरच्या कोंडीत, म्हणजे ओढ्याच्या डोहात, कड्यावरून उडी मारायला निघाला होता, खाली पाणी किती आहे याची चौकशी न करता. गौरजाने शिट्टी फुंकफुंकून त्याला खाली उतरवला. गौरजा आमची जीवरक्षक. गावातलीच मुलगी, तारकर्लीला राहून सगळं शिक्षण घेऊन आलेली. ती नसती तर ओढ्याच्या तीन कोंडी, दोरीचा पूल आणि तंबू हा सगळा पसारा मी कधीच आवरता घेतला असता.

तिकिटाच्या टेबलावर अक्का बसते. माझी थोरली बहीण, वय एकाहत्तर. सतराव्या वर्षी वैभववाडीला दिली, सव्विसाव्या वर्षी कपाळ पुसून परत आली, ती या घरातच राहिली. माझी बायको गेली तेव्हा आमची लेक रसिका पाच वर्षांची होती. तिला अक्कानेच वाढवली.

दुपारी कोल्हापूरची एक बाई मधल्या कोंडीत उतरली. साठीच्या पुढची, चांगली जाडजूड, नारिंगी जाकिटात. पाण्यात पडल्यावर ती अशी खिदळायला लागली की काठावरचे सगळे हसले. अक्का टेबल सोडून तिथे जाऊन उभी राहिली. इकडे तिकिटांना रांग लागली. मी चिडून हाक मारली तेव्हा आली.

जेवताना म्हणते, “गुरु, माका एकदा मधल्या कोंडीत उतरूचा आसा.”

मला हसू आवरेना. “ह्या वयात? कोंडीतले मासे पळान जातले गो.”

ती हसली नाही. पानातला भात संपवून उठली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गौरजा सकाळी मुद्दाम बाजूला घेऊन म्हणाली, “काका, लोक येवच्या आदी, सातांक, आक्कांका उतरवया. जाकीट घालूया, मी वांगडा रवतंय.” म्हणजे अक्काने तिच्याकडेही वशिला लावला होता.

मी नाही म्हणून सांगितलं. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आणि तिला काही झालं तर उद्यानाला कुलूप लागेल. ही दोन कारणं मी गौरजाला दिली. तिसरं दिलं नाही, ते इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही. मी गावचा मानकरी. मानकऱ्याची विधवा बहीण ओल्या कपड्यांत पाण्यात, ही गोष्ट दुपारपर्यंत चारी वाड्यांत पोचेल.

“हंय आठवड्याक पन्नास बायको उतारतत, काका.”

“त्यो परगावच्यो.”

ती शिट्टी गळ्यात घालून निघून गेली. आजकालच्या मुलींना एक शब्द बोलायची सोय नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अक्का धंद्यात लक्ष घालायला लागली आहे, हे मला बरं वाटलं. आज विचारत होती, मधली कोंड आता किती खोल आहे, खालच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते, जाकिटं रात्री कुठे ठेवतात. सगळं नीट सांगितलं. कोंडीच्या मध्यावर पुरुषभर पाणी, काठाला छातीभर.

खरं म्हणजे कोंडीची खोली मला तिनेच दाखवली. मी सात वर्षांचा, ती बारा. कमरेला दोन सुके नारळ बांधून तिने मला पाण्यात सोडला होता आणि हनुवटीखाली हात धरून पोहायला शिकवलं. एकदा वरच्या कोंडीत मी बुडालो तेव्हा केसांना धरून तिनेच ओढून काढला. त्याच वर्षी वडिलांनी तिचं पाण्यात जाणं बंद केलं, मुलगी मोठी झाली म्हणून. त्यानंतर तिला पाण्यात मी कधी पाहिली नाही. मी मात्र रोज जायचो, आणि माझी ओली चड्डी तीच वाळत घालायची.

आज तिचे प्रश्न ऐकताना हे सगळं आठवलं. बराच वेळ झोप आली नाही, बहुतेक जेवणात कुळीथ जास्त झालं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

देवाने कौल दिला. ११ डिसेंबरला गावपळण.

म्हणजे ऐन हंगामात उद्यान बंद. कोल्हापूरच्या एका शाळेची सहल १२ तारखेला यायची होती. मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांना गावपळण ठाऊक नव्हती. म्हटलं, साहेब, तीन दिवस आणि तीन रात्री सगळं गाव वेशीबाहेर राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. ते दिवस गाव देवाचा, आत कोणी थांबायचं नाही. चौथ्या दिवशी आम्ही मानकरी फक्त देवळापर्यंत जातो आणि देवाला विचारतो. उजवा कौल मिळाला की लोक घरी, डावा मिळाला की आणखी एक रात्र बाहेर.

“पण आमचं बुकिंग दोन महिन्यांपूर्वीचं आहे,” ते म्हणाले.

“देवाचं चारशे वर्षांपूर्वीचं आहे,” मी म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र कपाळाला हात लावला.

करणार काय? दुसऱ्या कोणाला सवलत मागता येईल, मला नाही. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. आठ वर्षांपूर्वीच्या गावपळणीत यशोदा आपली गाभण गाय गोठ्यात सोडून आली होती आणि दुसऱ्या रात्री राहवेना म्हणून आत गेली. त्या वेळी मीच तिला देवळासमोर उभी केली, चारचौघांत माफी मागायला लावली. वर्षभर तिच्या घरचा नारळ देवळात घेतला नाही. तेव्हापासून ती माझ्याशी तोंडभर बोलत नाही. पण नियम तो नियम. एक गाडी आधी सोडली की मागच्या सगळ्यांचं वेळापत्रक बिघडतं.

६ डिसेंबर, शनिवार

माळावर खोपी उभारायला सुरुवात झाली. माझी आणि जॉर्जची खोप शेजारी शेजारी, दरवेळेप्रमाणे. जॉर्ज आणि रोझालिना आमचे वाडीतले शेजारी. कोणीतरी पाहुण्याने त्याला विचारलं, तुम्ही ख्रिस्ती, तुम्ही कशाला बाहेर जाता? जॉर्ज म्हणाला, “गाव भायर पडता तेव्हा आमी घरात बसान काय करतलंव? मीठ मागूक कोणाकडे जातलंव?”

अक्का म्हणते ती रसिकाकडे देवबागला जाणार. “खोपीत माझी कंबर ऱ्हवाची नाय.” मला हायसं वाटलं. रसिकाच्या घरी पाहुण्यांच्या खोल्या आहेत, समोर खाडी आहे, मागे समुद्र आहे. मी म्हटलं, जा, चार दिवस आराम कर.

९ डिसेंबर, मंगळवार

उद्यान बंद केलं. खालच्या फाटकाची किल्ली सापडत नाही. गौरजाला बोललो, ती म्हणाली मी काल खिळ्याला लावली होती. खिळ्याला नाही. शेवटी जुनं कुलूप लावून टाकलं. वयोमानाने माझाच हात कुठेतरी चुकला असेल.

अक्का दोन दिवस पोह्यांचे लाडू वळते आहे. देवबागला न्यायला असतील. हिरवं जुनं पातळ कापून तिने मशीनवर काहीतरी शिवलं, परकरासारखं पण आखूड, आणि वर बाह्यांचा पोलका. “ह्या काय?” विचारलं तर म्हणाली, “घालूक.” देवबागच्या किनाऱ्यावर बसणार असेल ऐटीत. बसू दे.

११ डिसेंबर, गुरुवार

दहा वाजता जॉर्जचा मुलगा ॲल्स्टन रिक्षा घेऊन आला आणि अक्का गेली. मी तेव्हा कपाटातलं सामान ट्रंकेत भरत होतो, अंगणात गेलो नाही. आतूनच म्हटलं, पोचल्यावर फोन कर. ती काहीतरी बोलली, ते भांड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

दुपारी देवळात ढोल वाजला आणि गाव निघालं. डोक्यावर वळकट्या, हातात कोंबड्या, पुढे गुरं. मी मानकरी म्हणून शेवटी निघालो. वेशीच्या दगडापाशी उभा राहून मागे पाहिलं. एकाही घरातून धूर नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

माळावर फोनला रेंज नाही हे केवढं सुख. जॉर्जने बांगड्यांचं तिखलं केलं. रोझालिना म्हणाली, अक्का असत्या तर कोकम जास्त घाला म्हणाल्या असत्या. सगळ्यांनी ओरपून खाल्लं. दुपारी लोक सुरंगीच्या झाडाखाली पत्ते खेळत बसले. मला सारखी हुरहुर लागून होती, उगाचच. अक्का देवबागला वाळूत पाय पसरून बसली असेल, असं मनात आणलं.

१३ डिसेंबर, शनिवार, दुपार

रसिका आली. स्कूटरवरून, डबे घेऊन, एकटी. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, “आत्या खंय?”

“तुझ्याकडे ना?”

“माझ्याकडे? माका तर फोन केल्यान, मी तुझ्या बापाशीवांगडा खोपीत ऱ्हवतंय म्हणान.”

ॲल्स्टनला हाक मारली. तो म्हणाला, अक्कांनी तिठ्यावरच उतरायचं म्हटलं. एसटीने जाते म्हणाल्या. पिशवी जड होती म्हणून तो थांबत होता, तर त्यांनी जायला लावलं.

तिठ्यावरून देवबागची गाडी मिळते. तिठ्यावरून बांधाबांधाने पाऊण तासात आमच्या ओढ्यालाही उतरता येतं.

रसिकाने स्कूटर फिरवली आणि वेशीकडे तोंड केलं. “बाबा, ती आत आसा. घराकडे पडली बिडली आसात.” मी हँडल धरला. आणि माझ्या तोंडून निघालं, “गो, आठावला. वैभववाडीक गेली ती. दीर आजारी आसा, बघूक जातंय म्हणत होती.”

अक्का असं काही म्हणाली नव्हती. तिचा दीर जाऊन सहा वर्षं झाली, पण रसिकाला ते माहीत नसावं. ती म्हणाली, “मगे सांगूक काय झाला तिका?” तरी तिचा चेहरा सैल झाला. घरी पाहुणे होते, वैभववाडीला फोन करून विचारते म्हणाली आणि गेली. मी का खोटं बोललो ते मला ठाऊक आहे. गावाच्या डोळ्यांदेखत माझी मुलगी वेस ओलांडेल, ही भीती मला आधी आली. अक्का नंतर आली.

त्याच दिवशी, दिवेलागण

ट्रंक उपसली. तळाशी अक्काच्या गोळ्यांचा डबा. कपाटातलं सामान भरताना मीच तो उचलला. म्हणजे तीन दिवस तिच्याकडे गोळ्या नाहीत. ती अंगणातून गोळ्यांचंच विचारत होती की काय?

किल्ली, लाडू, हिरवं पातळ, पाणी किती खोल ते. महिनाभरात तिने सगळं माझ्या नाकासमोर केलं. मी बैल.

टेकाडावर चढून तिच्या मोबाइलला फोन लावला. पूर्ण वाजला. परत लावला, परत पूर्ण वाजला. रिकाम्या घरात कोनाड्यात तो वाजत असणार.

वेशीच्या दगडापर्यंत गेलो. पाय उचलत नव्हता असं लिहिणं खोटं होईल. पाय उचलत होता, मीच उचलत नव्हतो. देव कोपेल म्हणून नाही. देवाला मी समजावलं असतं. आठ वर्षांपूर्वी मी जे बोललो ते सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यांना काय समजावू?

जॉर्ज मागोमाग आला. “गुरुदास, तू सांग, मी जातंय. माझो काय मान जावचो आसा?”

जा म्हणालो असतो तर गाव म्हणालं असतं, मानकऱ्याने ख्रिस्तावाला पुढे घातला. नको म्हणायला जीभ वळेना. जॉर्ज बराच वेळ उभा राहिला, मग चुलीकडे गेला.

यशोदाची खोप पलीकडेच. तिने सगळं ऐकलं असणार. परत येताना वाटेत आडवी उभी राहिली. आठ वर्षांनी माझ्याशी बोलली. “माझा वासरू होता, गुरुदासभाव. तुमची भैण आसा.”

मला वाटलं ती आरडाओरडा करील. तिने तेवढंच सांगितलं आणि आपल्या खोपीत गेली.

उद्या सकाळी कौल आहे. उजवाच मिळणार. एका रात्रीचा तर प्रश्न.

१४ डिसेंबर, रविवार

डावा कौल.

सकाळी आठ वाजता आम्ही मानकरी देवळात गेलो. गावातून चालताना मी प्रत्येक खिडकीकडे बघत होतो. आमचं घर देवळापासून दूर आहे, पण उद्यानाची पायवाट देवळामागूनच उतरते. दहा मिनिटांची वाट. पावसाळा लांबल्यामुळे ओढ्याला अजून जोर आहे, देवळाच्या पायरीवर उभं राहिलं की त्याचा आवाज येतो.

गाऱ्हाणं मीच घातलं. आवाज खणखणीत लागला, इतका की मलाच नवल वाटलं. “बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां तीन रात्री भायर ऱ्हवली. लहानथोराची, गुराढोराची राखण कर. काय चुकला माकला आसात तर पदरात घे, आणि घराकडे येवक उजवो कौल दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले.

पुजाऱ्याने मूर्तीला पाकळ्या लावल्या. आम्ही हात जोडून बसलो. मी डोळे मिटून मनात फक्त तिचं नाव घेत होतो. डोळे उघडले तेव्हा डावी पाकळी पडलेली होती.

बाहेर आल्यावर एक मानकरी म्हणाले, “गावात कोण तरी ऱ्हवला आसा, म्हणान देव अडता.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्या घटकेला सांगता आलं असतं. पायवाट समोर होती. मी चप्पल घालायला जास्त वेळ लावला, एवढंच केलं. मग त्यांच्याबरोबर परत फिरलो. आता तर देवच नाही म्हणाला, आता कोण आत जाणार, असं वाटेत मनाला सांगत होतो. आणि मनाला ते पटत होतं, याची मला आता लाज वाटते.

संध्याकाळी ॲल्स्टनबरोबर रसिकाचा निरोप आला. वैभववाडीला कोणीही अक्काला पाहिलेलं नाही. दीर वारल्याचंही तिला कळलं. उद्या पहाटे येते म्हणाली, बाकी काही नाही.

रोझालिनाने जेवण आणून दिलं. ताट तसंच झाकून ठेवलं. ती माळ हातात घेऊन माझ्या खोपीच्या दारात बसली आणि अक्कासाठी प्रार्थना करत राहिली. मला रडू आलं ते मी खोकण्याच्या आवाजात घातलं.

१५ डिसेंबर, सोमवार. दवाखान्याच्या बाकावर

आत्ताच लिहिलं नाही तर उद्या मीच हे वेगळं करून सांगेन.

सकाळी उजवा कौल मिळाला. ढोल वाजायच्या आधी मी देवळामागून पळत सुटलो. या वयात पळणं म्हणजे काय, ते गुडघ्यांना विचारा. खालच्या फाटकाला माझं जुनं कुलूप तसंच होतं, बाजूच्या गडग्याचे चार दगड काढून ठेवलेले होते. किल्लीचा उपयोग झाला नाही म्हणून तिने गडगा उतरवला.

अक्का मधल्या कोंडीच्या काठावर सपाट दगडाला टेकून बसली होती. अंगावर ते हिरवं शिवलेलं, डोक्याला पंचा, दोन्ही पाय पाण्यात. डावा घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. पहिल्यांदा मला वाटलं, गेली. मी जोरात हाक मारली तेव्हा तिने मान वळवली.

“इलंस?” ती म्हणाली. आवाज पार बसलेला होता.

मी तिच्याजवळ खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. ती माझ्या डोक्यावर थोपटत राहिली, मीच दोन दिवस उपाशी असल्यासारखा. लाडू शनिवारीच संपले होते.

मग तिने सावकाश सांगितलं. गुरुवारी दुपारी ती पाण्यात उतरली. आधी काठ धरून, मग सोडून. “हात ईसारले नाय रे,” ती म्हणाली. शुक्रवारभर ती पाण्यातच होती. उताणी पडून आभाळ बघितलं, किंगफिशर तिच्या डोक्यावरून गेला, ढुंगणाला मासे लुचले. सांगताना हसली. एवढी मी तिला कधी हसलेली पाहिली नव्हती. जाकीट घालून बघितलं, पण त्यात मान अडकल्यासारखं होतं म्हणून काढून ठेवलं. रात्री बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत झोपली. शनिवारी सकाळी शेवटचं म्हणून उतरली आणि बाहेर येताना शेवाळावरून पाय गेला.

“पाण्यात ठेवल्यावर दुकत नाय. म्हणान पाण्यात घालून बसलंय. सरपटत खोलीत जाय, परत सरपटत येय. तहान तरी भागली.”

“हाक मारूची ना गो!”

“शनवारभर मारलंय, आवाज बसापर्यंत. गावात कोण होता आयकूक?”

मी तिचा घोटा पंचाने बांधत होतो. वरून ढोलाचा आवाज यायला लागला, गाव आत शिरत होतं. रसिकाची हाक ऐकू आली, अजून लांब होती. अक्काने माझं मनगट धरलं.

“गुरु, काल तुझा गाऱ्हाणा आयकलंय. हंय सगळा आयकाक येय. व्हय म्हाराजा म्हटल्यानी, ता पण आयकलंय. माका वाटला, आता येतलो.”

मी गाठ परत परत मारत होतो.

“तुका तेव्हा ठावक होता? मी हंय आसय ता?”

खोटं बोलायला एक क्षण होता. शनिवारी बोललो होतो, आजही जमलं असतं. मी म्हटलं, “होय. शनवारी कळला.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते, फुटले होते. रसिकाच्या चपलांचा आवाज पायवाटेवर आला तशी ती घाईने, हळू आवाजात म्हणाली, “रसिकाक ह्या सांगा नको हां.”

आणि उठवायला तिने दोन्ही हात माझ्या गळ्यात घातले.